घरच्या घरी गळाचा तरंगा

आम्ही भीमाकाठच्या बाया. उजनीच्या फुगवट्याला लागूनच आमची गावं. आज आम्ही बोलणार आहोत गळाच्या तरंग्याबद्दल. गळाच्या दोऱ्याला बांधलेली, पाण्यावर उभी राहणारी ती बोटभर काडी. तुमच्याकडे तिला वेगळं नाव असेल, आम्ही तरंगा म्हणतो.

कुणी म्हणेल, ही काय बायकांना सांगायची गोष्ट झाली? गळ टाकून बसणं म्हणजे रिकामटेकड्यांचं काम, नाहीतर शाळा बुडवणाऱ्या पोरांचं. पण जरा बघा. होडी पुरुषांची, जाळी पुरुषांची. आपल्या वाट्याला मासळी येते ती पाटीतून, साफ करायला नाहीतर बाजारात बसून विकायला. गळाला मात्र होडी लागत नाही की जाळं लागत नाही. एक बांबूची काठी, काठीएवढाच लांब तंगूस आणि एक आकडा, एवढ्यावर भागतं. शेरडं चरत असतात, धुणं वाळत असतं, तेवढ्या वेळात चार चिलाप्या लागल्या तर संध्याकाळच्या कालवणाची सोय होते. कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

आणि दुसरं कारण त्याहून मोठं आहे. तरंगा नुसता मासा लागल्याचं सांगत नाही, तो पाणी किती खोल आहे तेही सांगतो. फुगवट्याकाठी राहणाऱ्या बाईला हे कळणं मासळीपेक्षा गरजेचं आहे.

आमच्या गटातल्या आजींना धरणाच्या आधीची भीमा आठवते. १९८० साली धरण पूर्ण झालं आणि दोन्ही काठांचे मळे, वाटा, विहिरी, घरं सगळं पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, मग लांबलांबची माणसं ते बघायला येतात. पण देऊळ दिसतं तशी विहीर दिसत नाही. वरून पाणी सगळीकडे सारखंच. धुणं धुताना बाई दोन पावलं पुढे सरकते, बादली वाहून चालली म्हणून पोर मागे जातं, म्हैस आत शिरली म्हणून गडी आत शिरतो. गुडघाभर, मांडीभर, आणि पुढचं पाऊल थेट खाली. जिथं पूर्वी मोट चालायची तिथं आता पाय ठेवायला तळ नाही. तर पाण्यात पाय न घालता ही खोली कशी बघायची ते आधी सांगतो, माशांकडे नंतर वळू.

तरंगा दोऱ्यावर वरखाली सरकेल असा बसवायचा. दोऱ्याच्या टोकाला गळाऐवजी एक जड नट बांधायचा, तरंग्याला पेलणार नाही इतका जड. आता काठी पुढे धरून नट पाण्यात सोडा. नटाबरोबर तरंगाही बुडून गेला, तर समजायचं की नटापासून तरंग्यापर्यंत जेवढा दोरा आहे त्याहून पाणी खोल आहे. तरंगा वर आडवा लोळत राहिला, तर पाणी उथळ आणि दोरा जास्त झालाय. तरंगा एकेक वीत सरकवत जायचा. ज्या वेळी नट तळाला टेकलेला असेल आणि तरंग्याचं फक्त टोक वर दिसेल, त्या वेळी दोरा बाहेर काढून हातानं मोजा. तेवढी खोली. दोन हात, तीन हात, जी असेल ती.

ही एक जागा झाली. मग दोन पावलं डावीकडे जा, पुन्हा सोडा. आणखी दोन पावलं, पुन्हा. काठावरूनच सगळं करायचं. आठ-दहा फुटांच्या काठीनं आणि तेवढ्याच दोऱ्यानं काठापासून पंधरा फुटांपर्यंतचा तळ चाचपून होतो, आणि नेमकं तेवढ्याच पट्ट्यात आपलं धुणं, आपली पोरं आणि आपली जनावरं असतात. दोन हात, दोन हात, दोन हात असं येत असताना एकदम तरंगा दिसेनासा झाला, तर तिथं खड्डा आहे, नाला आहे नाहीतर विहीर आहे. त्या जागेसमोर काठावर एक खुंटी ठोकायची आणि तिला जुन्या साडीची लाल चिंधी बांधायची. आमच्या धुण्याच्या घाटावर अशा तीन चिंध्या आहेत. शाळेतल्या लेकरांनाही त्यांचा अर्थ माहीत आहे. हे एकदा करून भागत नाही. कालव्याला पाणी सुटलं की फुगवटा उतरतो आणि काठ पुढे सरकतो. काल जी जागा गळ्याएवढी होती ती आज गुडघ्याएवढी होते आणि विहीर काठाच्या जवळ येते. म्हणून पाणी उतरलं की खुंट्याही हलवायच्या.

आता तरंगा करायचा कशाचा? शहरात रंगीत तयार तरंगे मिळतात, दिसायला छानच असतात. पण मासा रंग बघून येत नाही. तरंग्याकडून आपल्याला दोनच गोष्टी हव्यात. पाणी पिऊन जड होऊ नये आणि माशाला त्याचं ओझं जाणवू नये.

सगळ्यांत नाजूक तरंगा होतो मोराच्या पिसाचा. डोळ्याचा भाग आणि दोन्ही बाजूंचे केस काढून टाकायचे, मधली पांढरी दांडी ठेवायची, चार-पाच बोटं लांब. दोन्ही टोकांना मेणबत्तीचं मेण लावून तोंडं बंद करायची. ही काडी इतकी हलकी असते की बोटाएवढ्या माशानं चोखून बघितलं तरी ती हलते. पीस मात्र रानात गळून पडलेलंच घ्यायचं. मोराला हात लावणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी एका काडीसाठी कुणी मोर मारत नाही.

पीस नसेल तर उसाचा तुरा आहे. आमच्या भागात उसाला तोटा नाही. तुऱ्याची लांब दांडी वाळल्यावर सरळ आणि हलकी राहते. तिचा बोटभर तुकडा कापून वरून मेण फिरवलं की झालं. ज्वारीच्या ताटाच्या आतला पांढरा गाभाही चालतो, पोरं त्याचे बैल करतात तोच. पण तो पाणी पितो. मेण लावलं तरी एका संध्याकाळीच फुगतो. कडबा घरचाच, म्हणून दुसऱ्या दिवशी नवा करायचा. बाशिंगं ज्या भेंडाची करतात ते भेंड मिळालं तर उत्तम. कोळी लोक जाळ्याला ते पूर्वीपासून बांधत आले आहेत. पण आमच्या बाजूला ते सहज मिळत नाही.

आम्हाला विचाराल तर रोजच्या वापराला स्लीपरचा तरंगा सगळ्यांत सोयीचा. पट्टा तुटलेली स्लीपर कुणाच्या घरी नाही? तिचा तळवा मऊ असतो, पाणी पीत नाही, वर्षभर टिकतो. ब्लेडनं करंगळीएवढा तुकडा कापायचा आणि फरशीवर घासून गाजरासारखा निमुळता करायचा. दाभणानं मधोमध आरपार भोक पाडायचं. भोकातून तंगूस ओवायचा आणि त्याच भोकात खराट्याची काडी दाबून बसवायची. काडी दाबली की तरंगा जागच्या जागी राहतो, काडी सैल केली की सरकतो. पिसाच्या काडीला भोक पाडता येत नाही. तिच्यासाठी सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी घ्यायची, तिचे दोन बारीक तुकडे कापायचे, तंगूस त्यांतून ओवायचा आणि काडीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला ते चढवायचे. हे सायकलवाल्याकडे फुकट मिळतं.

थर्माकोल मात्र नको. सगळ्यांत आधी हात त्याच्याकडेच जातो, कारण मासळीच्या खोक्यांचे तुकडे काठावर पडलेलेच असतात. पण थर्माकोल चुरतो आणि त्याचे दाणे पाण्यावर पसरतात. ते दाणे मासा खातो, पाखरू खातं, आणि तोच मासा आपल्या तव्यावर येतो. दवाखान्यामागे पडलेल्या सुया-सिरिंजांचे तरंगे करणारी पोरंही आम्ही बघितली आहेत. त्यांना आधी तिथून हाकला.

तरंगा झाला की लगेच पाण्यावर पळायचं नाही. घरी बादलीत नीट पाणी भरा आणि तरंगा, वजन, गळ सगळं बांधून आत सोडा. गळ टाकणाऱ्या दहांतल्या नऊ जणींचा घोळ इथंच होतो. तरंगा सगळा वर दिसतो, नुसता आडवा डुलतो. दिसायला सोपा, पण माशानं आमिष ओढलं की त्याला तो सगळा तरंगा खाली ओढावा लागतो. माशाला ओझं लागतं आणि तो आमिष थुंकतो. वर बसलेल्या बाईला वाटतं, आज मासाच नाही. म्हणून वजन थोडं थोडं वाढवत जायचं. तरंगा उभा राहून नखाएवढंच टोक पाण्यावर उरलं की थांबायचं. मग माशानं नुसतं तोंड लावलं तरी टोक हलतं.

वजन म्हणून बाजारात शिशाच्या गोळ्या मिळतात, आणि त्या दातानं चावून दोऱ्यावर बसवायची पद्धत आहे. ही पद्धत सोडा. शिसं विषारी आहे आणि अंगात साठत जातं. पोटातल्या बाळाच्या आणि लहान लेकरांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. एकेका गोळीनं काही दिसत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. शिशाच्या गोळ्या वितळवून घरच्या चुलीवर वजनं ओतणारेही आहेत. ते तर त्याहून वाईट, त्याचा धूर घरभर होतो. आपल्याला शिशाची गरजच नाही. सायकलचा बारीक नट घ्या, वायसर घ्या. सगळ्यांत चांगली मोटार वाइंडिंगवाल्याकडची जुनी तांब्याची तार. तिचे दोऱ्याभोवती वेढे द्यायचे. तरंगा फार बुडाला तर एक वेढा सोडायचा, फार वर राहिला तर एक वाढवायचा. बादलीतला हिशेब इतका बारीक जमतो की शिशानंही जमणार नाही.

आता पाण्यावर. आमिष गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. कणकेत थोडी हळद आणि कापसाचे दोन-चार तंतू मळले तर गोळी लवकर सुटत नाही. मग तरंग्याकडे बघत बसायचं, आणि इथं खरी गंमत आहे, कारण प्रत्येक मासा त्याला वेगळा हलवतो. चिलापी आधी टोचते. तरंगा थरथरतो, थांबतो, पुन्हा थरथरतो. तेव्हा काठी ओढली तर हाती नुसता गळ येतो. थरथर थांबून तरंगा तिरका चालायला लागला की मनगटानं हलकाच झटका द्यायचा. मृगळ तळाशी चरते. गळ आणि वजन तळाला टेकवून ठेवलं असेल तर ती आमिष उचलते तेव्हा तरंगा बुडत नाही, उलट वर येतो आणि आडवा पडतो. नवखी बाई म्हणते, दोरा सुटला. नाही बाई, मासा लागलाय, ओढ. वाम हळूहळू, सरळ खाली नेते आणि दगडात शिरते. तिला वेळ दिला तर तंगूस तोडावा लागतो. मरळ एकदम गडप करते. तरंगा अगदी सावकाश, एका बाजूला, गाडीवानाच्या चालीनं सरकत राहिला तर बहुधा खेकडा. तो आमिष संपवणार, पुढचं घाला. आणि कासव आलं तर दोरा गळाच्या जवळ कापून त्याला सोडून द्या.

शिंगटा लागला तर त्याच्या काट्यांना जपा. डोक्यामागचे काटे हातात घुसले तर रात्रभर ठणकतं. ओल्या फडक्यानं धरून मगच गळ काढायचा.

दुपारनंतर फुगवट्यावर वारं सुटतं आणि लाटांत तरंगा नाचायला लागतो. अशा वेळी तरंगा लांब घ्यायचा, वीतभर, आणि दोरा त्याच्या फक्त खालच्या टोकाला बांधायचा, वरच्या नाही. काठीचं टोक क्षणभर पाण्यात बुडवून दोरा पाण्याखाली घालायचा. वारा वरच्या दोऱ्याला धरतो. दोराच खाली गेला की तरंगा जागेवर उभा राहतो. रंगाचंही असंच, थोडं डोकं चालवायचं. उन्हात पाणी चांदीसारखं चमकत असतं तेव्हा लाल-पिवळं टोक दिसत नाही, काळं दिसतं. सावलीत आणि सांजेला मात्र लाल नाहीतर पांढरं. नेलपॉलिशची तळाशी उरलेली बाटली याच कामाची. टिकली चिकटवू नका, ती सुटते. गाड्यांच्या नंबर प्लेटवाल्याकडे रेडियमच्या कातरणी पडलेल्या असतात. त्यातली एक पट्टी टोकाला गुंडाळली की अंधारून आल्यावरही बॅटरीच्या उजेडात तरंगा दिसतो. पण आमचं म्हणणं, दिवे लागायच्या आत घरी यावं. काठाच्या गवतात साप असतात, आणि एकटी बाई काठावर आहे हे कुणाला कळवायची गरज नाही.

असाच एक मोठा तरंगा प्रत्येक घाटावर असावा, मासे धरायला नाही. २१ मे २०२४ ला कळाशी आणि कुगावच्या मध्ये सुटलेल्या वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण बुडाले. फुगवट्याकाठच्या एकाही घराला तो दिवस विसरता आलेला नाही. बोटीत बसताना लाइफ जॅकेटच हवं, त्याला दुसरा इलाज नाही. पण काठावरून पाय घसरलेल्या माणसासाठी आपण काहीतरी करू शकतो. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घ्या, झाकण घट्ट बसणारा. त्याच्या मुठीला तीस हात प्लॅस्टिकची दोरी बांधा, सुती नको, सुती दोरी भिजून जड होते. कॅनमध्ये पेलाभर पाणी ठेवा. रिकामा कॅन वाऱ्यानं मागे येतो, पेलाभर पाण्यानं तो फेकल्यासारखा लांब जातो. बंद कॅन पाण्यात जवळजवळ पाच किलोचा भार पेलतो. माणसाचं अंग पाण्यात हलकं झालेलं असतं, त्यामुळे तोंड वर ठेवायला एवढा आधार पुरतो. कॅन बुडणाऱ्याच्या पलीकडे टाकायचा आणि दोरी ओढत त्याच्या हाताशी आणायचा. त्यानं तो छातीशी कवटाळून मागे रेलायचं आणि आपण काठावरून ओढून घ्यायचं. आपण उडी मारायची नाही. बुडणारा माणूस मदतीला आलेल्याला खाली दाबतो, आणि एकाच्या जागी दोघं जातात. दोरीचं टोक हाताला गुंडाळू नका, पायाखाली दाबा नाहीतर बाभळीला बांधा. कॅन घाटावरच्या झाडाला टांगलेला हवा. घरात ठेवलेला कॅन वेळेला मिळत नाही. तेल लावून त्याचं झाकण कुणी काढून नेलं नाही ना, हे आठवड्याला एकीनं बघायचं. आमच्या गटात हे काम पाळीनं आहे.

एका ताईंनी विचारलं होतं, गटानं तरंगे करून विकावेत का? आमचं मत, नको. कारखान्याचे तरंगे स्वस्त असतात, त्यांच्याशी आपली मजुरी भागायची नाही. घरापुरते करा, बैठकीत एकमेकींना शिकवा, लेकींना द्या. वेळ घालवायचाच असेल तर मासळी सुकवण्यात आणि लोणच्यात घाला, त्याला गिऱ्हाईक आहे.

गळ टाकण्याआधी ते पाणी कुणाच्या ठेक्यात आहे हे मात्र विचारून घ्या. तळी आणि धरणं बहुतेक मच्छीमार सोसायट्यांकडे असतात. घरच्या कालवणापुरत्या गळाला सहसा कुणी नाही म्हणत नाही, पण विचारलेलं बरं, पुढे भांडण होत नाही. विचारायला दोघी-तिघी मिळून जा. पावसाळ्याच्या सुरुवातीला रोहू, कटला, मृगळ अंड्यावर असतात. पोट फुगलेली मादी लागली तर सोडून द्यावी. बोटाएवढं पिल्लूही सोडावं, ते आत्ता खाऊन कुणाचं पोट भरतं?

आणि बाटलीचे गळ. अर्ध्या लिटरच्या बाटलीला तंगूस गुंडाळून, गळ लावून पाण्यावर सोडून द्यायचा, मासा लागला की बाटली गरगर फिरते. युक्ती चांगली आहे, पण काठावर बसून नजर ठेवणार असाल तरच. सोडलेल्या बाटल्या मोजा आणि तेवढ्याच परत आणा. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी उतरतात, बदकं येतात, आणि सुटलेल्या तंगुसात त्यांचे पाय अडकतात. काठावर टाकलेला तंगूस शेळीच्या पोटात जातो, खुराला आवळतो. तुटलेला तुकडा गुंडाळून, गळ असेल तर तो बुचात खुपसून, घरी आणायचा आणि भंगारात द्यायचा.

पुढच्या वेळी चिलापीच्या सुक्या कालवणाबद्दल बोलू, आजी स्वतः सांगणार आहेत. तोवर एखादी जुनी स्लीपर शोधून ठेवा. नमस्कार.